बाटलीत काय होतं, आक्का?

आक्का, काल तुझी तेलाची बाटली परत देऊन आलो. तुझं बारावं झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले, तुझ्या भावजयीनं, सुमननं, सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं, तरी ती बाटली फडताळात होती तिथंच होती. तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं. शेवटी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंचा फोन आला की उरलेलं औषध परत जमा करावं लागतं, तेव्हा मी उठलो.

तिथं काय झालं ते शेवटी सांगतो. ही सवय तूच लावलीस. तुझी सगळी नोकरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली आणि घरी आलीस तरी तुझा वर्ग काही सुटायचा नाही. मी शाळेतला पी.टी.चा मास्तर, तालमीत वाढलेला, कुठलीही गोष्ट शेवटाकडून सुरू करणारा. ‘त्याचं नाक फुटलं!’ असं ओरडत मी घरात शिरायचो आणि तू म्हणायचीस, “आधी कोण, कुठं, कशानं ते सांग. नाक कुठं पळून चाललंय?” तर आज क्रमानं सांगतो. तू ऐकत नाहीस हे मला कळतं. पण तुझ्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस मावळत नव्हता, आणि ती सवय कुणाच्या बाराव्यानं सुटत नाही.

आपली भांडणं व्हायची दूध कट्ट्यावर. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन यायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढायचे आणि फेसाळ दूध तिथल्या तिथं पेल्यात द्यायचे. आप्पा आपल्या दोघांना हाताला धरून न्यायचे. “डोळ्यांदेखत पिळलेलं तेवढंच खरं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्याची पक्की खूणगाठ बांधली. तू मात्र कॉलेजात गेलीस आणि एका संध्याकाळी पिशवीतून काचेची नळी काढून सरळ पेल्यातल्या दुधात सोडलीस. दूध दाट की पातळ ते मोजायची नळी. गवळ्याचा चेहरा मला अजून दिसतो. “काय ओ बाई, म्हशीवरबी इस्वास न्हाय व्हय तुमचा?” तो कट्टाभर ऐकू जाईल असं म्हणाला. आप्पांनी मान खाली घातली. तू नळीवरचा आकडा वाचलास, नळी पुसलीस आणि म्हणालीस, “इस्वास हाय, म्हणून तर मोजतो.” दूध चोख निघालं. गवळी इतका खूश झाला की त्यानं तुला फुकट दुसरा पेला दिला, आणि पुढं कित्येक वर्षं तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा की माझं दूध कॉलेजच्या बाईनी तपासलंय.

घरात तू कोल्हापूरच्या चारचौघींसारखी ‘मी येतो, मी जातो’ म्हणायचीस आणि व्यासपीठावर चढलीस की पुस्तकातलं बोलायचीस. मला तुझी घरातली भाषा आवडायची. पण तुझं मोठेपण मला पहिल्यांदा दिसलं ते व्यासपीठावरच, आणि त्या दिवशी मला ते दिसलं हे मला कळलंही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात शाहूपुरीतल्या त्या सभागृहात भांगेवरची सभा झाली, तो दिवस. वर्तमानपत्रात महिनाभर पत्रांची हाणामारी चालली होती. कुणी लिहायचं, या झाडाची शेती खुली करा, ऊस सोडून सगळे तेच लावू. कुणी लिहायचं, गांजाला औषध म्हणाल तर उद्या दारूला टॉनिक म्हणाल. शेवटी कुणीतरी ‘भांगेच्या औषधी गुणांवर संशोधन व्हावं का?’ असा विषय ठेवला आणि सगळ्यांना एका रांगेत खुर्च्यांवर बसवलं. तुझा कॅन्सर तेव्हा उघड झाला होता. इंजेक्शनांनी केस गेलेले, डोक्याला रुमाल. त्याच इंजेक्शनांनी पायांच्या नसा दुखावल्या होत्या आणि तळव्यांची अशी आग व्हायची की सभेलाही तू मऊ सपाता घालून आलीस. मी तालमीतली ढीगभर माणसं घेऊन पुढं बसलो. आक्का बोलली की टाळ्यांचा पाऊस पाडायचा, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

आधी एक बाई बोलल्या. त्यांचा मुलगा गांजा ओढता ओढता कॉलेजातून घरी बसला आणि मग भिंतीशी बोलायला लागला. त्या काही व्याख्यात्या नव्हत्या. “माझं पोरगं आधी काय हुतं ते मला ठावं हाय,” एवढंच परत परत म्हणत राहिल्या आणि खाली बसल्या. मग एक गृहस्थ उठले. त्यांनी आपल्या पूर्वजांनी या वनस्पतीला विजया म्हटलं होतं, सगळं ग्रंथांत लिहून ठेवलंय, आता कसलं संशोधन करताय, सरळ वाटा आणि प्या, असं आवाज चढवून सांगितलं. त्यांना टाळ्या पडल्या. आपल्या गावात जोरात बोलणाऱ्याला टाळ्या पडतातच.

मग तू उठलीस. टेबलाला धरून उभी राहिलीस आणि सांगितलंस की भांग काय, गांजा काय, झाड एकच, पानं निराळी आणि फुलं निराळी. त्यात पुष्कळ द्रव्यं असतात, एखादं झिंग आणतं, एखादं आणत नाही. लहान मुलांच्या फिटच्या काही अवघड आजारांवर त्यातल्या एका द्रव्याचं औषध काही देशांनी तपासून मान्य केलंय, हे सांगितलंस. कोवळ्या वयात ओढणाऱ्याचं डोकं बिघडू शकतं, हेही तितक्याच स्वच्छ आवाजात सांगितलंस, आणि सांगताना त्या बाईंकडं वळून बघितलंस. “पण दुखण्यावर, माझ्यासारखीच्या दुखण्यावर,” असं म्हणून तू थांबलीस. मागून कुणीतरी ओरडलं, “बाई, फिरवाफिरव नगो. गुण येतोय का न्हाय, सरळ सांगा!”

तू म्हणालीस, “मला ठाऊक नाही.”

आक्का, माझ्या तळहातात टाळी तशीच राहिली. आपल्याकडं कुस्ती निकाली लागते. कुस्ती बरोबरीत सोडवली की मैदान खवळतं, लोक पंचांच्या अंगावर धावून जातात. आणि इथं माझी बहीण, गावातल्या अर्ध्या डॉक्टरांना जिनं कॉलेजात शिकवलं ती, भरसभेत ठाऊक नाही म्हणून मोकळी झाली. कुणी हसलं. ते पूर्वजवाले गृहस्थ तर खुर्चीत मागं रेलून हसले. तू मात्र शांतपणे पुढं म्हणालीस, “या दोघांनाही उत्तर आधीच ठाऊक आहे. मला नाही, म्हणून मी संशोधन मागते. ते नीट झालं पाहिजे, आणि उत्तर नको ते आलं तरी ते सांगता आलं पाहिजे.” मग खाली बसलीस. माझ्या माणसांनी माझ्याकडं बघितलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे त्यांना कळेना, आणि मलाही.

बाहेर पडताना त्या बाई तुझ्यापाशी आल्या. “तुमचं खरं असंल. पण उद्या पोरं म्हणतील, औषद हाय, ओढा. तेला काय करायचं?” तू त्यांचा हात धरून ठेवलास. “ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाय ओ,” म्हणालीस, घरातल्या भाषेत. रिक्षात मी तुझ्यावर तुटून पडलो. एवढी शिकलीस आणि एक धड उत्तर देता येईना? तू बाहेर बघत म्हणालीस, “बाळू, त्या बाईचं बरोबर हाय आन माझंबी बरोबर हाय. ह्यो पेच लई अवघड हाय मर्दा.” आणि पुढं घरापर्यंत तू तिचाच विचार करत बसलीस. माझ्याकडं तुझं लक्षच नव्हतं.

पुढं उन्हाळा लागता लागता सांगली रस्त्यावरच्या त्या रुग्णालयातून निरोप आला. भांगेच्या पानांपासून केलेलं तेल नसांच्या आगीवर चालतं का, ते तिथं परवानगी काढून तपासायचं होतं. तुझ्यासारख्या माणसांची नावं घ्यायला लागले होते. नेहमीची औषधं चालूच ठेवायची आणि हे थेंब जिभेखाली टाकायचे. मला आनंद झाला. चला, म्हटलं, एकदाचं मिळालं. तेव्हा तू मला दूध कट्ट्यावर नेलंस, हातात पेला दिलास आणि मग सांगितलंस की निम्म्या लोकांना औषधाचं तेल आणि निम्म्यांना नुसतं तेल देणार. रंग तोच, वास तोच. कुणाला काय ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार. घेणाऱ्याला कळणार नाही, आणि देणाऱ्या डॉक्टरबाईंनाही कळणार नाही.

मी पेला आपटला. “म्हंजे तुला नुस्तं तेल देतील? आन तू गप घेणार? आप्पानी काय शिकवलं आपल्याला? डोळ्यांदेखत!”

“आप्पांचा गवळ्यावर इस्वास नव्हता, म्हणून डोळ्यांदेखत,” तू म्हणालीस. “हितं माझा माझ्यावरच इस्वास न्हाय. मला बरं वाटावं असं मला एवढं वाटतंय, बाळू, की पाणी दिलं तरी बरं वाटंल. आन तू तर शेजारी बसून सारखं इचारणार, वाटतंय काय, वाटतंय काय. मग आपल्या दोघांचं कशाला खरं धरायचं?”

“मग तुझ्या पायाची आग?”

“ती हायच की.” एवढं म्हणून तू पेला संपवलास आणि तोंडावरचा फेस पदरानं पुसलास.

ज्या दिवशी बाटली घरात आली त्या दिवसापासून मी तेच केलं, जे करणार म्हणून तू सांगितलं होतंस. वाटतंय काय? सकाळी विचारलं, चहाला विचारलं, जेवताना विचारलं. तू कधी म्हणायचीस, “आज जरा कमी हाय,” कधी म्हणायचीस, “आज लई हाय.” मी तुझ्या प्रत्येक ‘कमी’ला देवापुढं साखर ठेवायचो आणि प्रत्येक ‘लई’ला त्या डॉक्टरबाईंना शिव्या घालायचो.

आणि मग तो पैलवानांचा दिवस. आठवला की अजून हसू येतं. तालमीतले शामरावतात्या आणि दगडूमामा तुला बघायला आले. दोघंही शिवरात्रीला मोठ्या माणसांची वेगळी थंडाई घोटणारे, भांग किती आणि बडीशेप किती यावर कुणाला बोलू न देणारे. तू आत झोपली होतीस. तात्या म्हणाले, “मास्तर, एवढा घोर कशाला? आणा हिकडं बाटली. उभा जल्म गेला आमचा भांग वाटण्यात. वास घिऊन सांगतो.” मला तो विचार आवडला, सुमनलाही आवडला, खोटं कशाला बोलू. बाटली आली. तात्यांनी डोळे मिटून वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवला आणि मांडीवर थाप मारली. “सोळा आणे भांग!” मग मामांनी थेंब चाखला, तोंड वाकडं केलं. “कसली भांग? तिळाचं त्याल हाय नुस्तं. आमची म्हातारी डोस्क्याला लावती ती ह्येच.” “तुला काय कळतंय, तुझी जीभ गेलीया तंबाखूनं!” “आन तुझं नाक काय शाबूत हाय व्हय?” दोघं उठून उभे राहिले. सत्तरी पार केलेले दोन मल्ल माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात शड्डू ठोकायच्या बेतात आले, आणि त्या आवाजानं तू जागी झालीस.

भिंत धरत धरत तू दारात आलीस. आम्हाला बघितलंस, बाटली बघितलीस. “मग? निकाली झाली का कुस्ती?” असं विचारलंस आणि इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं. मामाही हसले. आम्हाला वाटलं, झालं, सुटलो.

मग तू फोन मागितलास. आमच्यासमोर डॉक्टरबाईंना लावलास आणि सांगितलंस, “माझ्या भावानं दोन पैलवानांना माझं औषध चाखायला दिलं. दोघांनी दोन निकाल दिले ते माझ्या कानावर आले. माझ्या मनात काही शिरलं असेल नसेल, तुम्ही लिहून ठेवा. मला काढायचं असेल तर काढून टाका.”

आदल्या आठवड्यात तू जरा सलग झोपायला लागली होतीस. डॉक्टर म्हणाल्या की वरच्यांना विचारून कळवते, तोवर घेत राहा. तात्यांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. “आक्का, आमच्यापायी तुजं औशद बंद झालं तर गं?” “झालं तर झालं,” तू म्हणालीस. “पण मोजमाप खोटं नगो, तात्या. आज मी झाकलं, उद्या दुसऱ्यानं झाकलं, मग एवढ्या लोकांनी पाय भाजून घेतलेत ते कशापायी?” तुला ती बाटली हवी होती, आक्का. तुझ्या पायांना हवी होती. ती आपल्या हातानं पुढं सरकवून तू म्हणालीस, काढा मला. मी फार मोठी मैदानं बघितली आहेत, पण असलं धाडस मी कुठल्या आखाड्यात बघितलेलं नाही. त्या वेळी मला नुसता राग आला होता. आता त्या फोनची आठवण आली की मी असेन तिथं उभा राहतो.

त्यांनी तुला काढलं नाही. दोन पैलवानांचे निकाल उलटेसुलटे आल्यानं बाईंच्या मनात काही ठरलेलं दिसत नाही, असं डॉक्टर हसत म्हणाल्या म्हणे, आणि झालेली गोष्ट लिहून घेऊन तुला पुढं चालू ठेवलं. तात्यांनी तालमीत नारळ फोडला. मामांनी मात्र आजतागायत तिळाचा हेका सोडलेला नाही.

त्यानंतरचा नृसिंहवाडीचा दिवस आठवतो? तूच म्हणालीस, जाऊया. देवाचं तुला फारसं नव्हतं, तुला कवठाची बर्फी खायची होती. दर्शन मी घेतलं, तू घाटाच्या पायऱ्यांवर बसलीस आणि सपाता काढून पाय पाण्यात सोडलेस. मी येऊन शेजारी बसलो. तुझा चेहरा इतका निवांत होता की मला ओळखीचा वाटेना. लहानपणी आप्पांच्या हाताला धरून चालणारी मुलगी तशी दिसायची. मी विचारलंच, “तेलाचा गुण आला नव्हं?”

तू कृष्णेकडं बघत बसलीस. मग म्हणालीस, “पाणी गार हाय. आज ऊन कमी हाय. बर्फी पोटात गेलीया. तेल हाय. आन तू शेजारी बसलाईस. ह्यातलं कुठलं, कसं सांगायचं?”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. भांडकुदळ भाऊ म्हणून जन्मभर तुझ्या शेजारी बसलो, आणि त्या यादीत तू मलाही धरलंस. तेल, पाणी, ऊन आणि मी. मला तुला सांगायचं होतं की आक्का, असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. पण घाटावर माणसं होती, म्हणून मी उठलो आणि तुझ्यासाठी अजून बर्फी आणायला गेलो. एवढंच जमलं मला.

मग पावसाळ्यात पोटातलं दुखणं वाढत गेलं. त्यावर तुझ्या डॉक्टरांनी दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या तू वेळच्या वेळी घेत होतीस. तू काही दुखणं सोसायचा हट्ट धरणारी नव्हतीस, हे मी मुद्दाम लिहितो, कारण बाराव्याला कुणीतरी तुला तपस्विनी म्हणालं आणि तू ते ऐकतीस तर त्याला घराबाहेर काढलं असतंस. फक्त मी तालमीतून खऱ्या भांगेची गोळी आणून देतो म्हणालो, तेव्हा तू मान हलवलीस. “एवढं झालंय, आता कशाला कालवतोस?” मी चिडलो, दार आपटून कट्ट्यावर गेलो. परत आलो तर तू झोपली होतीस. तो वाद तिथंच राहिला. मी अजूनही म्हणतो की गोळी घ्यायला हवी होतीस. ठाऊक नसलेल्या गोष्टीसाठी माणसानं किती द्यायचं याला काही हद्द आहे की नाही? तू असतीस तर काहीतरी बोलली असतीस आणि मी गप्प झालो असतो. आता मीच बोलतो आणि मीच गप्प होतो.

शेवटच्या आठवड्यात मी तुला न सांगता डॉक्टरबाईंकडं गेलो. पदर पसरणं म्हणतात ते पुरुषालाही करता येतं. आता तरी सांगा, म्हटलं, माझ्या बहिणीच्या बाटलीत काय आहे? त्या म्हणाल्या, “मास्तर, मला ठाऊक असतं तर तुमच्या तोंडाकडं बघून मी सांगून टाकलं असतं. म्हणूनच मला ठाऊक नसतं.” शेवटच्या माणसाचं औषध पुरं होईपर्यंत कुणाला काय दिलं ते उघडणार नाही, म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी तसाच घरी आलो आणि तुझे पाय चेपत बसलो.

तर आता कालची गोष्ट. बाटली पिशवीत घातली तर दारात तात्या उभे. “मास्तर, आता तर आक्का न्हाय. एक डाव बघू की वास घिऊन, शेवटचा.” मी पिशवी छातीशी धरली. अर्धीमुर्धी उरलेली असली तरी ती तुझी बाटली होती. तात्या माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले आणि एसटी हलेपर्यंत उभे राहिले.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. उरलेलं तेल मापलं, लिहिलं. मी विचारलं, माझी बहीण गेली, मग तिचं हे सगळं फुकट गेलं का? त्या म्हणाल्या की नाही, तिच्या दिवसांचा हिशेब त्यात राहणार, पैलवानांसकट. मी नमस्कार करून बाहेर आलो आणि बाकावर बसलो.

बाकावर राधानगरीकडचं एक जोडपं होतं. बाईच्या मांडीवर फायलींची पिशवी. नवऱ्यानं चपला काढून पाय गार फरशीवर टेकवले होते आणि तो ते सारखे उचलून परत टेकवत होता. ते पाय उचलणं मी ओळखलं. बाईनं माझ्याकडं बघितलं. “पावणं, तुमचं कोण हाय हितं?”

“बहीण हुती,” मी म्हणालो. “गेली.”

ती आवाज खाली आणून म्हणाली, “आमच्या ह्येंचं नाव घालायचं म्हंत्यात. ते भांगेचं त्याल. गावात एकजण म्हंतोय लई गुणाचं, एकजण म्हंतोय यसन लागंल. तुमी तर घरात बघितलंय. खरं सांगा, गुण येतोय काय?”

आक्का, तिचा नवराही मान वर करून माझ्याकडं बघत होता. त्याला ‘हो’ हवं होतं. माझ्या तोंडात ‘हो’ आलंही होतं, तुझी झोप, वाडीचा घाट, सगळं डोळ्यांपुढं होतं. आणि ‘नाही’सुद्धा तिथंच होतं, तुझ्या शेवटच्या आठवड्याचं. शाहूपुरीतल्या त्या सभेत तू टेबल का धरून ठेवलं होतंस, ते मला तेव्हा कळलं. मी बाकाची कड धरली.

“ठावं न्हाय, ताई,” मी म्हणालो.

“मग तुमची भण कशापायी घेत हुती?”

“ठावं व्हावं म्हणून.”

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी नजर खाली घातली नाही. मग तिनं पिशवी काखेला मारली, नवऱ्याच्या चपला पायानं त्याच्यापुढं सरकवल्या आणि म्हणाली, “उठा. नाव घालूया.”